पुरात भिजलेल्या निगेटिव्ह : प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

कोल्हापुरातल्या शाहूपुरीतून मामांकडचे निगेटिव्हचे पत्र्याचे चार डबे घरी आणले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली होती (धोक्याची पातळी ४३), तेव्हा मामांच्या फोटो स्टुडिओच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर मामांनी जेवढं हाताला लागलं तेवढं दोरीवर वाळत घातलं. उरलेलं डब्यातच वाळलं आणि पाकिटाचा कागद फिल्मवरच्या जिलेटिनच्या थराला धरून बसला. चार डब्यांत मिळून ४१२ फ्रेम निघाल्या, सगळ्या १२० फिल्मच्या, सहा बाय सहा (नावाला सहा सेंटिमीटर, प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर), कृष्णधवल. लग्नं, बारशी, मॅट्रिकचे फॉर्म, आणि पैलवान. पैलवान तर ढिगानं.

गेल्या वर्षी मामेभावाने आजीचा डागाळलेला फोटो एका मोबाइल ॲपमध्ये टाकला होता. काही सेकंदांत चकचकीत चेहरा आला. त्यात दात दिसत होते. आजी त्या फोटोत तोंड मिटून बसली होती. मामांनी फोन परत दिला आणि काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून हे काम करायचं मनात होतं, पण अशा रीतीनं की प्रत्येक पिक्सेल का बदलला हे मला सांगता आलं पाहिजे.

म्हणून व्हेरिएशनल पद्धती. शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला असताना हा विषय फळ्यावरच राहिला होता. कल्पना सरळ आहे: प्रत्येक संभाव्य चित्राला एक आकडा द्यायचा, त्याला ऊर्जा म्हणायचं. आकड्याचे दोन भाग. एक, चित्र स्कॅनपासून किती दूर गेलं. दुसरा, चित्र किती खडबडीत आहे. दोन्हींची बेरीज सगळ्यात कमी ज्या चित्राची, ते उत्तर. चांगलं चित्र कशाला म्हणायचं, हा माझा समज त्या बेरजेत उघड लिहिलेला असतो. चुकला तर बोट ठेवून दाखवता येतो.

१० जानेवारी

स्कॅनर एका मित्राचा, वरून दिवा असलेला फ्लॅटबेड. लिनक्सवर सेन या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरने चालला. २४०० डीपीआय, १६ बिट, टिफ. ५६ मिलिमीटरच्या फ्रेमला एका बाजूला ५,२९१ पिक्सेल, म्हणजे एकूण २.८ कोटी, आणि फाइल ५६ एमबीची.

स्कॅनरमध्ये धूळ ओळखणारा इन्फ्रारेड चॅनल आहे. रंगीत फिल्मच्या रंगद्रव्यांतून इन्फ्रारेड पार जातो आणि धूळ त्याला अडवते, त्यामुळे डागांचा नकाशा आयता मिळतो. आमच्या फिल्ममध्ये मात्र चित्रच चांदीचं. चांदीही इन्फ्रारेड अडवते. त्यामुळे आयता नकाशा नाही, डाग कोणता आणि चित्र कोणतं ते आपणच ठरवायचं. हे वाक्य आज सहज लिहिलंय, पण सगळी मेहनत इथंच जाणार असं दिसतंय.

१४ जानेवारी, रविवार

एक गोष्ट वेळेत सुचली. गाळाचा पातळ थर फिल्मवर बसला की त्यातून येणारा प्रकाश काही पटीनं कमी होतो. म्हणजे स्कॅनच्या आकड्यात डाग गुणाकारानं मिसळलेला असतो. आकड्यांचं लॉगॅरिदम घेतलं की गुणाकाराची बेरीज होते, आणि फोटोग्राफीत ज्याला डेन्सिटी म्हणतात तीच ही. मामांना सांगितलं तर म्हणाले, “मग आम्ही काय येगळं करत हुतो? डेन्सिटीच बघत हुतो की.” इथून पुढची सगळी गणितं डेन्सिटीत करायची, ० ते १ च्या मापात आणून.

१८ जानेवारी

पहिला खरा प्रयोग: रुडिन, ओशर आणि फातेमी यांची १९९२ ची पद्धत, टोटल व्हेरिएशन. खडबडीतपणा उतारावरून मोजायचा, उतार म्हणजे शेजारच्या पिक्सेलमधला फरक. मित्राने विचारलं की उताराचा वर्ग का नाही घ्यायचा, गणित सोपं होतं. म्हणून हे लिहून ठेवते. काळ्या फेट्यावरून पांढऱ्या पडद्यावर जाताना एकदम १ ची उडी आहे. ती एका पिक्सेलमध्ये घेतली तर वर्गाची किंमत १. तीच उडी दहा पिक्सेलमध्ये ०.१ ची पसरवली तर किंमत दहा वेळा ०.०१, म्हणजे ०.१. वर्ग घेतला की पसरवणं दहापट स्वस्त, म्हणून फेट्याची कड विरघळते. वर्गाऐवजी नुसतं मूल्य घेतलं तर दोन्हीकडे किंमत १. कड धारदार ठेवली म्हणून दंड नाही. एवढ्या एका फरकावर ही पद्धत उभी आहे.

सायकिट-इमेज या पायथनच्या लायब्ररीत ती दोन रूपांत मिळते आणि तिथंच माझी संध्याकाळ गेली. शाम्बोलच्या २००४ च्या रीतीवर बेतलेल्या फंक्शनमध्ये ‘वेट’ हा आकडा वाढवला की गुळगुळीतपणा वाढतो. ब्रेगमनच्या फंक्शनमध्ये त्याच नावाचा आकडा कमी केला की वाढतो. दोन्ही दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. ज्याला हे करायचंय त्याने पहिल्या दिवशी वाचावं.

वेट ठरवायला पडद्याचा एक सपाट तुकडा घेऊन रव्याचं, म्हणजे फिल्ममधल्या चांदीच्या कणांमुळं दिसणाऱ्या दाण्यांचं, प्रमाण मोजलं आणि स्कॅन व उत्तर यांतला फरक तेवढाच राहील इतका वेट ठेवला. पण आकड्यावर भागत नाही. खरी परीक्षा फरकाच्या चित्राची. जे काढून टाकलं ते पडद्यावर स्वतंत्र बघायचं. त्यात नुसती वाळू दिसली तर ठीक. आज वेट ०.१ ला त्या वाळूत नऊवारीचा काठ स्वच्छ दिसत होता. म्हणजे रव्याबरोबर लुगड्याची वीणही मी काढून टाकत होते.

आणि डोळे. चाचणीसाठी पाव आकाराचं चित्र वापरते, त्यात बुबुळावरची चमक साधारण ३ पिक्सेल त्रिज्येची. या पद्धतीत गोल ठिपक्याचा उजेड दोन गुणिले वेट भागिले त्रिज्या इतका उतरतो: २ × ०.१ ÷ ३, म्हणजे जवळजवळ ०.०६७. चमक आणि बुबुळ यांत फरकच ०.२ चा. एक तृतीयांश गेला. माणूस जिवंत दिसतो तो त्या ठिपक्यामुळं. वेट ०.०३ वर आणला. रवा थोडा राहिला तर राहू दे, तो त्या काळचाच आहे.

२१ जानेवारी, रविवार

गालावर पायऱ्या पडल्या. दुरून दिसत नाहीत, पण दुप्पट मोठं केलं की पंचगंगेच्या घाटासारखा गाल टप्प्याटप्प्यानं उतरतो. टोटल व्हेरिएशनचा हा ठाऊक असलेला दोष. सावकाश उताराला आणि पायऱ्यांना किंमत सारखीच, आणि रव्यातून वाट काढताना ती पायऱ्या निवडते.

२८ जानेवारी, रविवार

पायऱ्यांवर उतारा म्हणजे टोटल जनरलाइज्ड व्हेरिएशन, ब्रेडीस, कुनिश आणि पॉक यांचं, २०१० चं. यात सरळ उताराला दंड नाही, उतार बदलला तर आहे. शाम्बोल-पॉक अल्गोरिदमने नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) स्वतः लिहिलं. दोन वजनांचं गुणोत्तर २ ठेवलं, बहुतेक जण तेच ठेवतात. गाल गालासारखा आला.

लॅपटॉप मात्र दोनदा अडकला. २.८ कोटी पिक्सेलचा एक ॲरे ६४ बिटमध्ये २२४ एमबी होतो आणि या पद्धतीला असे डझनभर लागतात. रॅम ८ जीबी. ३२ बिटवर आणलं, निम्म्यात बसलं, चित्रात डोळ्याला दिसेल असा फरक नाही.

१ फेब्रुवारी

अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस, महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नाही. घरी लवकर आले.

डाग शोधायला टीव्ही-एल१ (टीव्ही म्हणजे टोटल व्हेरिएशन). इथं स्कॅनपासूनचं अंतर वर्गाने नाही तर नुसत्या मूल्याने मोजतात. परिणाम मजेदार होतो: ठिपका फिका पडत नाही. तो एका ठरावीक त्रिज्येहून मोठा असेल तर जसाच्या तसा राहतो, लहान असेल तर पूर्ण जातो. ती मर्यादा दोन भागिले लॅम्डा, लॅम्डा म्हणजे स्कॅनपासूनच्या अंतराला दिलेलं वजन. लॅम्डा ०.५ ठेवला की ४ पिक्सेलच्या आतलं सगळं साफ. मूळ स्कॅनमधून हे उत्तर वजा केलं की फक्त ठिपके उरतात आणि डागांचा कच्चा नकाशा तयार होतो.

पण त्या नकाशात एका नवरीच्या नथीतला मोतीही आला. नकाशाच्या दृष्टीनं मोती आणि गाळाचा थेंब एकच. लॅम्डा कितीही फिरवा, हे त्याला कळणार नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

आज मामा आले आणि कामाची दिशा बदलली.

मामांचं वय ७८. स्टुडिओत ते स्वतः रिटचिंग करायचे: निगेटिव्हच्या इमल्शनच्या, म्हणजे चित्राच्या थराच्या, बाजूवर थोडं मिडियम चोळून, टोकदार शिसपेन्सिलीनं, भिंगाखाली. सुरकुती पुसायची तर तेवढ्या जागी चांदीत भर घालायची. चाळीस वर्षं हेच. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून पेन्सिल सुटली होती. मी गिम्प हे चित्रं दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर उघडून दिलं, कच्चा नकाशा लाल थरात वर ठेवला, पेन टॅबलेट हातात दिला आणि सांगितलं, मामा, लाल आहे ते मी पुसणार. पुसायचं नाही तिथला लाल तुम्ही खोडा.

पहिली दहा मिनिटं टॅबलेटशी झटापट. हात इथं आणि रेघ तिथं याची सवय नाही. मग चित्र चारशे टक्के केलं आणि हात बसला. ते वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करून ओळीनं उतरतात, नांगरट केल्यासारखे. नथीतला मोती त्यांनी न थांबता सोडवला. एका बाईंच्या हनुवटीवर थांबले.

“हा डाग न्हवं. तीळ हाय.”

मी म्हटलं, कशावरून?

“कशावरनं म्हंजी? मीच पुसला हुता एकदा. प्रिंट घिऊन परत आल्या. म्हणाल्या, माझा तीळ मला द्या. तवापासनं कुणाचा तीळ पुसला न्हाई बघ.”

मग मला दाखवलं. गाळाच्या डागाला कड असते, वाळताना गाळ बाहेर सरकतो म्हणून. बुरशीला फांद्या फुटतात. पाकिटाचा कागद चिकटला असेल तर आत उभे-आडवे धागे दिसतात. तीळ कसाही असला तरी त्याच्यावरून रवा सलग जातो, कारण तो कॅमेऱ्यातूनच आलाय. ही शेवटची खूण मी लगेच वापरली: तुकड्यातला रवा शेजारसारखाच असेल तर ती जागा लाल करायची नाही. कच्चे नकाशे बरेच सुधारले. तरी प्रत्येक फ्रेम मामांच्या हाताखालून जाणार, हे आज पक्कं केलं.

मी एवढीच भर घातली की त्यांचा मास्क, म्हणजे पुसायच्या जागांचा पक्का नकाशा, तीन पिक्सेलनं फुगवला. डागाच्या कडेचा गाळ मास्कबाहेर राहिला तर भराव त्याच रंगाचा होतो.

११ फेब्रुवारी, रविवार

आता भराव, म्हणजे मास्कच्या आतली जागा आजूबाजूच्या चित्रावरून भरणं (इनपेंटिंग). बारीक चरे आणि ठिपके यांना सायकिट-इमेजचं बायहार्मोनिक इनपेंटिंग उत्तम चाललं. ओपनसीव्ही या दुसऱ्या लायब्ररीतल्या दोन्ही रीतीही करून बघितल्या, नेव्हियर-स्टोक्सवाली आणि टेलियाची. झटपट होतात, पण रुंद जागी पट्टे उमटतात. मोठ्या जागांना टोटल व्हेरिएशनच वापरून पाहिलं: मास्कच्या आत स्कॅनवर निष्ठेचं वजन शून्य, बाहेर नेहमीचं. पास्कल गेट्रॉयर यांचा २०१२ चा याच विषयावरचा लेख आयपीओएल या जर्नलमध्ये आहे, लेखाबरोबर सी भाषेतला कोडही. ते जर्नल कोडसुद्धा तपासूनच छापतं. शिकणाऱ्याला याहून मोठा आधार नाही.

आजची फ्रेम तरण्या पैलवानाची, खांद्यावर चांदीची गदा. खासबाग मैदानातली कुस्ती मारून थेट स्टुडिओत आला होता म्हणे. गदेच्या दांड्यावर गाळाचा पट्टा, ४० पिक्सेल रुंद. दांडा २५ पिक्सेल जाड. भराव झाला आणि गदेचे दोन तुकडे झाले, मध्ये पडदा.

चूक माझ्या कोडमध्ये शोधत बसले. ती तिथं नव्हतीच. टोटल व्हेरिएशन कडांची लांबी मोजतं. दांडा जोडायचा तर दोन कडा ४० पिक्सेलच्या, एकूण ८०. तोडायचा तर दोन टोकं २५ ची, एकूण ५०. तोडणं स्वस्त. पद्धतीनं सांगितल्याप्रमाणेच केलं. फट जाडीपेक्षा मोठी झाली की हे होणारच. उपाय म्हणजे लांबीबरोबर वक्रतेलाही किंमत लावायची, तोडताना कडेला काटकोनात वळावं लागतं ते महाग पडतं. मास्नू आणि मोरेल यांनी १९९८ मध्ये हा रस्ता दाखवला. मी इथं बायहार्मोनिकच घेतलं. दांडा जोडला गेला, जरा धूसर आला. दांडा सरळ होता याबद्दल कुणाचंच दुमत नाही, म्हणून हा भराव मला मान्य आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

त्याच पैलवानाचा चेहरा. डाव्या कानावर वरून खाली उतरलेला गाळ, कानाची बाहेरची कड जवळपास सगळी गेलेली. वरचा आणि खालचा जोड तेवढा शाबूत. टीव्ही लावलं. सुरेख, गुळगुळीत, सरळ कान आला. गालाशी सांधा कुठं दिसेना. मी खूश होऊन फोटो मामांना पाठवला.

मामांचा फोन. “कान कुठाय त्याचा?”

म्हटलं, आहे की.

“अगं पैलवानाचा कान हाय त्यो. मोडलेला. हौद्यात घासून घासून गोळा झालेला असतोय. हा कान तालमीत न गेलेल्या माणसाचा.”

दोन जोडांमधली सगळ्यात आखूड वाट सरळ असते आणि माझ्या ऊर्जेला आखूड वाट प्रिय आहे. मोडलेल्या कानाला गाठी असतात, वळणं असतात. लांबी मोजणाऱ्या हिशेबात ती सगळी उधळपट्टी ठरते. म्हणजे ॲपने आजीला दात दिले, आणि मी या माणसाचा कान काढून घेतला. ॲपचं कारण कुणाला सांगता येत नाही आणि माझं येतं, एवढा फरक आहे. पण घरच्यांच्या भिंतीवर दोन्ही खोटंच लागलं असतं. कानाचा भराव काढून टाकला. तिथं गाळ तसाच ठेवला.

२० फेब्रुवारी

पैलवानांच्या घरी जाऊन आले. ते, घरच्यांचे आबा, आठ वर्षांपूर्वी वारले. वहिनींना गाळासकट प्रिंट दाखवली आणि सांगितलं की कान दिसत नाही, आणि मला तो मनानं काढायचा नाही. त्यांनी फोटो उजेडात धरला. म्हणाल्या, “आबा चेष्टेनं म्हणायचे, गदा कुणी बी दिल, कान मातीच देती.” घरात त्या वयातला दुसरा फोटो नाही, तोही पुरातच गेला.

निघताना मामांना फोन केला, सहज विचारलं की अशा वेळी तुम्ही फोटो एकच काढायचा का? ते म्हणाले, गदा असली की दोन. एकात हमखास डोळं मिटतात.

२५ फेब्रुवारी, रविवार

तिसऱ्या डब्यात, कागदाला चिकटलेल्या गठ्ठ्यात दुसरी फ्रेम सापडली. कागद सुटावा म्हणून ती मामांनी डिस्टिल्ड पाण्यात ठेवली आणि तासाभरानं कागद तिरका ओढून काढला. ते मी करू धजले नसते. जिलेटिन फुगलं की बोटाच्या नखानंही निघून येतं. या फ्रेमचा खालचा भाग गेलाय, डोळे खरोखरच मिटलेले आहेत, पण डावा कान लख्ख. वरची कड आत मुडपलेली, मध्ये बोराएवढी गाठ.

एका फ्रेममधला तुकडा दुसरीत बसवायला पेरेझ, गँगने आणि ब्लेक यांची २००३ ची पॉयसाँ पद्धत. हीसुद्धा व्हेरिएशनलच: तुकड्याच्या आत उतार दुसऱ्या फ्रेमचे घ्यायचे, कडेवरची मूल्यं पहिल्या फ्रेमची, आणि दोन्हींत कमीत कमी भांडण होईल असं चित्र शोधायचं. १४ जानेवारीची नोंद इथं कामाला आली. दुसऱ्या फ्रेमला प्रकाश थोडा जास्त मिळाला होता. डेन्सिटीत तो फरक जवळपास स्थिर बेरजेचा असतो आणि उतार घेताना गळून जातो. वेगळं काही जुळवावं लागलं नाही.

जुळणीला आधी सायकिट-इमेजचं टीव्ही-एल१ ऑप्टिकल फ्लो लावलं, दोन चित्रांत काय कुठं सरकलं ते शोधणारं. गाळाच्या जागी ते भरकटलं, साहजिक आहे, तिथं जुळवायला काही नव्हतंच. मग फेट्याची कड आणि गाल धरून साधं सरकवलं: ६ पिक्सेल उजवीकडे, १४ खाली. मान किंचित झुकली होती एवढंच.

कान बसला. गाठीवरचा उजेडसुद्धा. दोन तास मी आणि मामा काही न बोलता बघत होतो, मध्ये चहा गार झाला.

३ मार्च, रविवार

प्रिंट दिली. मागच्या बाजूला मामांनी पेन्सिलीनं लिहिलं: “डावा कान याच बैठकीतल्या दुसऱ्या निगेटिव्हवरून. गदेचा दांडा मधे चार बोटं भरलेला. बाकी मूळ.” त्यांचं अक्षर अजून तसंच आहे. प्रत्येक प्रिंटच्या मागे असं लिहायचं ठरलंय, आणि फाइलबरोबर मास्कही द्यायचा, म्हणजे कुठं हात लागलाय ते कुणालाही उघडून बघता येईल.

वहिनींनी आधी मागची बाजू वाचली, मग फोटो उलटला आणि कानावर अंगठा ठेवला.

पूर्ण झालेल्या फ्रेम १५, राहिल्या ३९७. मामा बुधवारी येतो म्हणालेत. दुसरा डबा हातात घ्यायचाय, त्यातल्या बुरशीच्या फ्रेम वेगळ्या काढून ठेवायच्या. टॅबलेटच्या पेनचं टोक झिजलंय, नवीन आणायचं.